चुकीच्या बाजूची धार

आईचा गुडघा बदलला आणि विळी माळ्यावर गेली. डॉक्टरांनी हॉस्पिटलमध्येच बजावलं होतं, जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर स्वप्नातसुद्धा नाही. आईने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. डोंबिवलीला घरी आल्यावर मात्र वॉकर धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि ओट्याखालच्या विळीकडे बघत म्हणाली, "मग मी भाजी चिरायची कशी?"

"मी चिरेन ना."

"तू?" ती म्हणाली, आणि त्या एका अक्षरात माझ्या पन्नास वर्षांचा निकाल लावून मोकळी झाली.

तिचं चुकत नव्हतं. मी क्वालिटीत आहे. ठाण्यात एका लहानशा कारखान्यात मशीनवरून उतरलेले भाग मोजते आणि पास-नापास ठरवते. दिवसभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असं आई म्हणते. मोजण्यात मी पक्की आहे, पण मी चिरलेला कोबी बघून गुरांसाठी काढलाय असं वाटावं. आई विळीवर बसली की कोबीचा धागा व्हायचा. दोन्ही हातांत धरलेला गड्डा पात्यावर पुढेमागे जायचा, ताटात हिरवट पांढरा ढीग वाढत जायचा आणि ती त्याच वेळी माझ्याशी बोलत असायची.

घरात आम्ही दोघीच. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. पंधरा दिवसांत आई बाल्कनीतल्या खुर्चीत बसायला शिकली. ताट समोर येईल ते जेवायची, मिठाबद्दलसुद्धा बोलायची नाही. आणि एका सकाळी तिने मला विचारलं, "आज काय भाजी आहे?"

हा प्रश्न आमच्याकडे कायम मी विचारायचा आणि तिने उत्तर द्यायचं. तिच्या तोंडून तो ऐकला आणि मी घाबरले. गुडघा बरा होत होता, पण आई स्वतःच्या घरात पाहुणी व्हायला लागली होती. काहीही करून तिला टेबलाशी बसून चिरता आलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

मी सुऱ्या आणायला लागले. पहिली दिसायला दणकट होती, पण पातं जाड. धार चांगली असून उपयोग नाही, कारण धारेच्या मागे जी जाडी येते ती भाजीला बाजूला ढकलते. ती सुरी गाजर कापायची नाही, फोडायची. दुसरी दातेरी, टोमॅटोला ठीक, कोथिंबिरीचा मात्र चोथा. तिसरी परदेशी वळणाची, चकचकीत, पातं मुठीत जेमतेम बोटभर गेलेलं. तिच्याकडे बघून आई म्हणाली, "एवढी चमकते म्हणजे चिरणार नाही." विळीचं काळं पडलेलं लोखंड तिला खरं वाटायचं, आरशासारखं स्टील नाही.

तरी तिने तिन्ही वापरून पाहिल्या. उजव्या हातात सुरी घट्ट धरायची, ओठ आवळायची आणि भेंडी तिरकी जायची, टोमॅटो चेपायचा. मग बोर्ड हळूच माझ्याकडे सरकवायची.

"सुरीच वाईट आहे," मी दर वेळी म्हणायचे.

"सुरीचं काय आहे त्यात," ती म्हणायची, आणि बाल्कनीत जायची.

एका रविवारी दुपारी आई झोपली असताना मी विळी कागदात बांधून माळ्यावर चढवली. ठेवायला जागा करताना बाबांची हत्यारांची पेटी पुढे ओढली आणि उघडली. कानशी, हातोडी, पंच, आणि तळाशी तेलकट कागदातली एक लांबट पुडी. ती पुडी मी लहानपणापासून ओळखत होते. बाबा मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात फिटर होते. दसऱ्याला ते घरची सगळी हत्यारं पुसून, तेल लावून पाटावर मांडायचे आणि ही पुडीही त्यांच्यात ठेवायचे, न उघडता. आई प्रत्येकाला हळदकुंकू लावायची, पुडीलाही, आणि वर झेंडूचं फूल. आत काय आहे, असं मी एकदा विचारलं होतं. "जुनं सामान," बाबा म्हणाले होते. आई तेव्हा पाण्याचा तांब्या आणायला आत गेली होती.

मी पुडी सोडली. आत सुरी होती.

बघताक्षणी कळलं, पॉवर हॅक्सॉच्या ब्लेडची. लोखंडाच्या सळ्या कापणारी मोठी मशीनची करवत असते, तिची ब्लेड दात झिजले की भंगारात जाते. जुने फिटर ती उचलायचे आणि सुरी करायचे. दात घासून काढलेले, ब्लेडच्या टोकाचं भोक मुठीच्या शेवटी तसंच ठेवलेलं, खिळ्याला अडकवायला. मूठ शिसवी, पितळेच्या दोन रिव्हेट, आणि पातं मुठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. पेटीतूनच बाबांचा मायक्रोमीटर काढून जाडी मोजली, सवयच ती. पाठीला दीड मिलिमीटरहून कमी, टोकाकडे जेमतेम एक. हे स्टील कडक, धार महिनोन्महिने टिकवणारं, पण पाडलं किंवा हाडात पिळलं तर काडकन मोडणारं. कांद्यालिंबाने काळं पडणारं, पुसून ठेवावं लागणारं. म्हणजे रागीट पण कामाचं, आमच्या घराण्याला साजेसं. ती हातात तोलली तर वजन बरोबर पहिल्या बोटावर येऊन थांबलं. मला इतका आनंद झाला की माळ्याच्या शिडीवरच मी बाबांना मोठ्याने शाबास म्हटलं.

मग बाल्कनीत पाण्याची वाटी आणि धारेचा दगड घेऊन बसले. आई आत झोपलेली. खाली कुणीतरी बादलीने झाडांना पाणी घालत होतं. दगडावर सुरी सरकली की स्स् असा आवाज व्हायचा, करड्या पाण्याचा ओघळ मनगटापर्यंत यायचा. पात्यावरून उडालेला कवडसा छतावर हलत होता, तसा लहानपणी आमच्या मोहन्याच्या क्वार्टरच्या छतावरही हलायचा, पाण्याच्या पिंपावरून. दुपारचा भोंगा झाला की नदीकडून वारा यायचा. मी आईच्या कुशीत पडलेली असायचे, डोळे मिटत आलेले, तिचा हात माझ्या पाठीवर थोपटत असायचा आणि कवडसा लांब लांब जायचा. सुरीवर हात चालत होता आणि मी किती वेळ तिथे नव्हते कोण जाणे. वाटीतलं पाणी सांडलं तेव्हा भानावर आले.

स्वयंपाकघरात जाऊन बटाटा कापला. पातं सरळ उतरेना. वरून जाड सुरू झालेला काप खाली येईपर्यंत कागदासारखा होऊन निसटायचा. पुन्हा कापला, पुन्हा तेच. चष्मा लावून धार उजेडात धरली. धार एकाच बाजूने काढलेली होती, दुसरी बाजू सपाट. तशा सुऱ्या असतात, फार पातळ कापतात. पण मग धारेचा उतार हाताच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे हवा. इथे तो डावीकडे होता. मुठीत अंगठ्यासाठी एक गुळगुळीत खळगाही कोरला होता, तो माझ्या अंगठ्याला सापडतच नव्हता, तिथे बोटं येत होती.

बाबांनी उलटी केली होती. मला खरंच वाईट वाटलं. माझ्या माहितीत बाबांच्या हातून कधी काही नापास झालं नव्हतं, आणि आता मीच त्यांचं काम रिजेक्ट करत होते. म्हणून ती पुडी उघडत नसणार, मला वाटलं. फसलेलं काम माणूस टाकूही शकत नाही आणि वापरूही शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सुरी डब्याबरोबर पिशवीत घालून कामावर नेली. आमच्याकडे ग्राइंडिंगला एक जुने काका आहेत, माजिवड्याच्या जुन्या गावातले, बोटं जाड पण हात फुलासारखा. त्यांना सांगितलं, हा उतार काढून टाका, दुसऱ्या बाजूने द्या, पातं निम्म्याने अरुंद झालं तरी चालेल.

काकांनी सुरी डोळ्यासमोर धरली, उलटीसुलटी केली, नख लावून पाहिलं. मशीन चालू केलं नाही.

"मॅडम, चूक नाय ही."

"अहो काका, डावीकडे धार आहे."

"तेच बोलतोय. येवढा एकसारखा उतार चुकून येत नाय. आन् हा खळगा बघा, दोन दिवस घासलाय कानशीनं." त्यांनी सुरी डाव्या हातात घेतली, अंगठा खळग्यात बरोबर बसला. "घरात डावखुरा कोण हाय?"

"कोणीच नाही," मी ताडकन म्हणाले. मला राग आला होता. माझं घर मला माहीत नाही असं कुणी सांगितलं की येतो तसा.

"मग ऱ्हाऊ द्या आजचा दिस," काका म्हणाले आणि सुरी डब्यावर ठेवून त्यांच्या कामाला लागले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई टेबलाशी बसली होती. समोर मी सकाळी काढून ठेवलेल्या काकड्या, तशाच. आमच्याकडे सुरी हातात देत नाहीत. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची, नाहीतर भांडण होतं म्हणतात. मी कागद सोडला आणि सुरी तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

आईचा डावा हात पुढे आला. उजवा मांडीवर तसाच होता. तिने मूठ धरली आणि अंगठा त्या खळग्यात जाऊन बसला, न शोधता.

"आई," मी म्हणाले, "तू डावखुरी आहेस?"

"होते," ती म्हणाली. "लग्नाआधी."

मी खुर्ची ओढून बसले.

"तुझ्या आजीला चालायचं नाही," ती सुरीकडे बघतच बोलत होती. "डाव्या हाताने अन्नाला शिवायचं नाही. लाटायचं उजव्याने, वाढायचं उजव्याने. महिनाभरात सवय केली मी. विळीवर बरं होतं, दोन्ही हात लागतात, कुणाला कळत नाही. पण तुझ्या बाबांना कळलं गं. कसं ते देव जाणे. पहिल्या वर्षातच कारखान्यात बसून ही बनवली आणि घरी येऊन, सगळ्यांच्या देखत, माझ्या डाव्या हातात दिली. खाली ठेवलीसुद्धा नाही."

"मग?"

"मग काय, आजीने जे काही ऐकवलं! आणि मी यांच्यावर तोंड टाकलं. म्हटलं, झाकून ठेवलेलं तुम्ही चव्हाट्यावर आणलंत, ही मला कधी दाखवू नका. आठ दिवस बोलले नाही." ती थोडं हसली. "त्यांनीही ऐकलं. कधी दाखवली नाही."

मला लाज वाटली. आठ तास लोकांच्या कामातला केसाएवढा फरक पकडणारी बाई मी, आणि बाबांना पहिल्या वर्षात दिसलं ते मला पन्नास वर्षांत दिसलं नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं. लाइट गेले की काडी ओढणारा तिचा हात. सुईत दोरा ओवणारा. झोपेत माझ्या पाठीवर थोपटणारा. सगळीकडे डावाच होता, आणि कुणी बघत नसेल तेव्हाच होता. त्या तीन सुऱ्यांना मी उगाच नावं ठेवली होती.

"आजी जाऊन किती वर्षं झाली गं," मी म्हणाले. "नंतर तरी काढायचीस ना."

"मी नको म्हटलं होतं. परत मागायची कशी?"

मग तिने एक काकडी सोलून उजव्या हातात उभी धरली. काकडी चोचवणं विळीवर जमत नाही, हातातल्या काकडीवर सुरीने भराभर घाव घालत जायचं आणि मग वरचा थर उतरवायचा. टक् टक् टक् आवाज सुरू झाला, आधी अडखळत, मग एका लयीत. पातळ पातं काकडीत शिरत होतं आणि बाहेर येत होतं, छतावर कवडसा नाचत होता, ताटात दाण्याएवढे एकसारखे तुकडे पडत होते. एकही तिरका नाही. मी ते नुसतं बघत होते, आणि आईही बघत होती, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे.

"बसलीस काय अशी? दाणे भाज, कूट कर," ती म्हणाली. "आणि मिरची तू चिरू नकोस, मी चिरते."

तीन काकड्या झाल्यावर तिने पदराने पातं पुसलं, दोन्ही बाजूंनी, सावकाश. पेटीच्या तळाशी इतकी वर्षं पडूनही सुरीच्या मुठीचा रंग जरासुद्धा उतरला नव्हता. तिने अंगठा खळग्यातून काढला आणि पुन्हा ठेवून पाहिला.

"बरोबर बसतेय गं," आई म्हणाली. "हे त्यांना सांगायचं राहिलं."