सादळलेली पट्टी

प्रयोगशाळेची फरशी पुसणाऱ्या मावशी तोंडाच्या भारी फटकळ. तिथल्या मॅडम वीज वाहून नेणाऱ्या, प्लॅस्टिकसारख्या एका पातळ पट्टीतून किती वीज वाहते ते मोजायच्या, आणि रोज अकराला आकडा घसरायचा. मॅडमनी वैतागून यंत्र दोनदा बदललं.

"यंत्राला कशाला बोल लावता?" मावशी एकदा कडाडल्याच. "अकराला मी ओल्या फडक्याने फरशी पुसते. उघडं बिस्कीट सादळतं, तशी तुमची पट्टी सादळत असेल!"

मॅडमनी पट्टी मंद आचेवर कोरडी केली आणि हवाबंद डब्यात ठेवून मोजली. आकडा वर आला, तो दिवसभर हलला नाही; दमट हवेने पट्टी फुगायची आणि वीज अडायची.

आता दारावर मॅडमच्या अक्षरात पाटी आहे: 'मावशींना विचारल्याशिवाय मोजणी सुरू करू नये.'

मावशी रोज सगळ्यात आधी ती पाटी पुसतात. कोरड्या फडक्याने.