हिरव्या रंगाखालचा मोर

दत्तू पेंटर गेल्याचं मला दूध डेअरीत कळलं. मी किटली घेऊन रांगेत उभा होतो, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "दत्तूतात्या गेलं की पहाटं. झोपेतच." रांग मोडली, लोक त्याच्या घराकडं निघाले. मी मात्र किटली तिथंच टाकून देवळाकडं पळालो. साठ वर्षांच्या दोस्ताचं तोंड बघायचं सोडून भिंत बघायला पळणाऱ्या माणसाला काय म्हणावं... पण आठ दिवस मी देवळाकडं फिरकलो नव्हतो, आणि उत्तरेच्या भिंतीचा शेवटचा कोपरा पुरा झाला की नाही, हे मला आधी बघायचं होतं. शिवरात्रीची यात्रा महिन्यावर आली होती आणि दत्तूनं तोवरचा शब्द दिला होता.

बिद्रीच्या पुढं आमचं गाव. महादेवाचं देऊळ काळ्या दगडाचं, कुणी बांधलं ते कुणालाच ठाऊक नाही. आत मंडपाच्या भिंतींवर गिलावा आणि त्यावर जुनी चित्रं. हत्ती, शंकर-पार्वतीचं लग्न, वाजंत्री आणि कोपऱ्यात एक मोर. यात्रेआधी देऊळ रंगवायचं आणि पहिला ब्रश दत्तूच्या घरानं मारायचा, हा त्यांचा मान. आधी हे रंगकाम फक्त बाहेरून व्हायचं. ऑइलपेंटची हौस आली त्या वर्षी गावानं ठरवलं, आतूनही चकाचक करायचं. दत्तू बावीस वर्षांचा, नुकताच दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलेला. त्यानं चारी भिंती हिरव्यागार केल्या. गावानं त्याला फेटा बांधला. टाळ्या वाजवायला मी सगळ्यात पुढं होतो. त्यानंतर चाळीस वर्षं दत्तू देवळात यायचा तो मान खाली घालून. भिंतीकडं कधी बघायचा नाही. आम्ही समजायचो, भक्ती वाढली.

मग मी यात्रा कमिटीचा सेक्रेटरी झालो आणि आतल्या भिंतींना टाइल्स लावायचं ठरवलं. टाइल्स येऊन अंगणात पडल्या. मीटिंगमध्ये दत्तू उठला. "टाइल्स लावायच्या आधी मला हातभर भिंत द्या. त्या वर्षी सगळ्यात शेवटी मी मोर झाकला. त्याचा डोळा अजून बघतोय माझ्याकडं."

मी म्हणालो, "दत्ता, चाळीस वर्सं झाली. मेला तुझा मोर."

सगळी मीटिंग हसली. दत्तू हसला नाही. "मग मढं तरी बघू दे की."

दिली हातभर भिंत. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका मॅडमना तो कोल्हापुरातून घेऊन आला. त्यांनी पातळ ब्लेडनं हिरवा पापुद्रा उचलला, तर मागं पांढरं. "ऑइलपेंटखाली चुना कुणी दिलाय?" त्यांनी विचारलं.

"मीच. दोन हात. चुन्याबिगर रंग लावायचा न्हाय, ही आमच्या घरची रीत हाय."

"त्या चुन्यानंच चित्रं वाचवलीत तुमची. ऑइलपेंट चुन्याला चिकटला, चित्राला नाही."

दत्तूनं मान वर करून भिंतीकडं नीट बघितलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. चौथ्या दिवशी मोराचा डोळा उघडला... काळाभोर, जसाच्या तसा. मीटिंगमध्ये हसलेले सगळे तिथं होते. "हर हर महादेव" म्हणून पहिली आरोळी मीच ठोकली. टाइल्स शाळेच्या मुतारीला लागल्या. तिथं त्या शोभतात.

पुढं नऊ वर्षं, दिवसाला तळहाताएवढी भिंत. मॅडम अधूनमधून येऊन तपासायच्या, चूक दिसली की झाडायच्या. सकाळच्या उजेडात दत्तू आणि त्याची लेक कल्पना स्टुलावर, आणि मी खाली बसून फुकटचे सल्ले द्यायला. एकदा दोन महिने खपून त्यानं रंगाखालची एक वळवळती रेघ उघडी केली. मी म्हणालो, साप हाय. निघाली हत्तीची सोंड. ती सोंड तो मला मरेपर्यंत ऐकवत होता.

दत्तू गेला त्या सकाळी मी देवळात पोचलो तेव्हा उत्तरेची भिंत सगळी मोकळी झालेली. वाजंत्री, मांडव, नवरानवरी, सगळं. फक्त मोराच्या पायाशी तळहाताएवढा हिरवा तुकडा. एवढ्याशासाठी गड्याचं काम राहिलं, म्हणून मी तिथंच हमसून रडलो.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी मी कल्पनाला म्हणालो, "तेवढा तुकडा तू काढ. बाचं काम पुरं कर."

"काका, त्याला हात लावायचा न्हाय," ती म्हणाली. "मी ब्लेड घेतलं तर आबानं हात धरला माझा. म्हणालं, झाकलं कुणी ते बी दिसू दे, आन् उघडलं कुणी ते बी."

परवा यात्रा झाली. पहिल्या ब्रशचा मान कल्पनाचा. मॅडमनी दिलेला मऊ, कोरडा ब्रश तिनं मोराच्या पिसाऱ्यावरून हलकेच फिरवला आणि हलग्या कडाडल्या. अख्खा गाव माना वर करून भिंती बघत होता. तेवढ्यात एका परगावच्या माणसानं मोराच्या पायाशी बोट दाखवून मला विचारलं, "एवढंच काम राहिलं वाटतं?"

"ऱ्हायलं न्हाय, पावणं," मी म्हणालो. "काम तिथंच पुरं झालंय."