सुमित्राबाईंचा पटका

पोप आणि राजा यांच्या भांडणाचा धडा मी वाशिमच्या कॉलेजात इतकी वर्षं शिकवतेय, आणि इतकी वर्षं पोरं त्यात पेंगतात. त्यामुळे पहिल्या बाकावरची रेखा तास संपल्यावर "मॅडम, आमच्या तांड्यावर हेच चालू आहे, तुम्ही याच," म्हणाली, तेव्हा मी रविवारची सगळी कामं गुंडाळली.

तुम्हाला जायचं असेल तर हिंगोलीच्या एसटीने कनेरगाव नाक्याला उतरा. ढाब्यावरची मिरचीची भजी झकास, चहा म्हणजे मात्र नुसता पाक. पुढे गोरेगावची जीप. ती गच्च भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरीच ठेवून या. दोन्ही बाजूंना तूर पिवळीधमक फुललेली, आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथीची पिशवी.

गोरेगावाहून रेखाने स्कूटीवर नेलं. वाटेत प्रकरण कळलं. तांड्याने तिच्या आईला, सुमित्राबाईंना, नायक, म्हणजे बंजारा तांड्याची प्रमुख, निवडलं होतं. बाई नायक पहिल्यांदाच होणार होती. पण नायकाला मानाचा पटका बांधतात देवळाचे पुजारी भगतबाबा, आणि ते अडून बसलेले. आज पटका बांधला गेला नाही, तर नायकपण पुन्हा जुन्या घराण्याकडे जाणार होतं.

देवळासमोर सगळे जमले होते. भगतबाबा म्हणाले, "नायक देव देतो. पटका माह्या हातचा, तं नायकबी मीच ठरवनार."

"अन् पान्याची भांडनं बी तुमीच मिटवनार काय?" सुमित्राबाईंनी शांतपणे विचारलं.

रेखाने मला पुढे ढकललं. मी गोष्ट सांगितली : चर्चचे मोठे पुजारी कोणी नेमायचे यावरून जर्मनीच्या राजाने पोपला जुमानलं नाही, पोपने त्याला धर्माबाहेर काढलं, आणि राजा तीन दिवस बर्फात अनवाणी पोपच्या दाराशी उभा राहिला.

"बराबर केलं," बाबा खुलले.

"पुढं त्याच राजानं पोपला रोममधून हाकललं, बाबा," रेखा म्हणाली.

बाबांचा चेहरा पडला. "मंग मिटलं कसं?"

"वाटून घेतलं," रेखा म्हणाली. "तिथल्या मोठ्या पुजाऱ्यायकडं जमिनीबी व्हत्या. त्यायला अंगठी अन् काठीचा मान धर्माच्या हातून, जमिनीचा हक्क राजाच्या हातून. आपुनबी तसंच करू. टिळा तुमी लावा, पटका पंच बांधतील."

बाबांनी नेमकं विचारलं, "आधी टिळा का आधी पटका?"

मी थक्क झाले. तिकडेही घोडं याच प्रश्नावर अडलं होतं. "जर्मनीत राजाचं आधी, इटलीत धर्माचं आधी," मी म्हणाले.

"मंग आपला तांडा इटलीत."

"चालन," सुमित्राबाई म्हणाल्या. "पन पटक्याला हात लावायचा न्हाई."

बाबांनी टिळा लावला, पंचांनी लाल पटका बांधला, नगारा दणाणला आणि बायका नाचल्या. मीही नाचले. नव्या नायकाने पहिला निवाडा तिथेच दिला : हातपंपावर भगतबाबांचा नंबरही इतरांसारखाच रांगेत.

घरी आले ती छाती फुगवूनच. इतक्या वर्षांत माझा धडा कुणाच्या कामी आलेला मी पहिल्यांदा पाहिला होता. सोमवारी तोच धडा दुसऱ्या तुकडीला होता. मी रेखाला बोलावून खडू तिच्या हातात दिला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. कोणीही पेंगलं नाही.