मागची फळी

चैत्राम आबा कुठलीही नाव आधी मागून बघत. नवी नाव पाण्यात उतरली की लोक पुढच्या टोकाला हळदकुंकू लावत, नारळ फोडत. आबा तोवर गुडघाभर पाण्यात शिरून मागच्या बाजूला गेलेले असत. तिथली आडवी फळी पाण्याच्या वर किती उरली, ते वितीने मोजत. मग त्या घरातल्या सगळ्यात जाड माणसाला नावेत मागे बसवत आणि स्वतः फळीवर चढून पाण्याकडे पाठ करून बसत. धोतराचा सोगा मागे लोंबता सोडत. थोडा वेळ नाव हलवून उतरत आणि सोगा हाताने चाचपत. कोरडा असला तर नाव मालकाची. टोक जरी ओलं झालं, तरी नाव परत काठावर यायची आणि मागच्या फळीवर आणखी एक पट्टी चढायची.

"पुढून नाव बठ्ठासले दिसस," ते म्हणत; बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. "मांगून ती फक्त पानीले दिसस."

आमचं गाव तापीकाठचं. धरण झालं आणि पाणी गावाच्या दोन बाजूंनी पसरलं. शेतं गेलेल्या पुष्कळ घरांनी जाळी घेतली. आमचं घर मात्र पिढीजात मासे धरणारंच. आबा गावचे सुतार, आधी बैलगाड्या आणि वखर करणारे. पाणी आल्यावर ते नावा करायला लागले. यावलच्या बाजारातून सागाच्या फळ्या आणायच्या, वर्षभर सावलीत वाळू द्यायच्या, मगच हात लावायचा. सांध्यांत गावच्याच शेतातला कापूस पटाशीने ठोकून भरायचा आणि वर गरम डांबर. कापूस भरताना ते कुणाशी बोलत नसत. कुणी बोललंच तर म्हणत, "थांब. आते बोलनू ते तो शब्द फटमा राही जाई."

मी अमळनेरला कॉलेजात निघालो, तेव्हा त्यांनी मला एक पेटी करून दिली. नावेच्या उरलेल्या लाकडाची, नावेच्याच सांध्यांची, आत-बाहेर डांबराचा हात दिलेली. होस्टेलवरची पोरं त्या वासावरून माझी चेष्टा करत. पण एका जुलैमध्ये यष्टीच्या टपावर ती पेटी पारोळ्यापासून भिजत आली आणि आतलं एक पानही ओलं झालं नाही. मी हे आबांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. "पेटीमा पानी जास नही," ते म्हणाले. "आतलं वाचानं काम तुनं."

मी बी.ए. झालो. आमच्या वस्तीतला पहिलाच. मच्छीमार सोसायटीने मला सेक्रेटरी केलं, कारण कागद वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. आबा मला त्या दिवसापासून नावाने हाक मारेनात. "काय बी.ए., जेवनात का?" असं रस्त्यातून मोठ्याने विचारत. त्या हाकेत थट्टा होती आणि अभिमानही होता. त्यांना अंगठ्याऐवजी सही करायची होती. महिनाभर ते माझ्याकडे येऊन पाटीवर 'चैत्राम' गिरवत राहिले. 'त्रा' त्यांना शेवटपर्यंत नीट जमला नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. एका योजनेतून सोसायटीला नावेचं इंजिन मिळालं. मागच्या फळीला अडकवायचं, दोरी ओढून सुरू करायचं, खाली लांब दांड्याला पंखा. इंजिन चालवायला आबांचे जावई रघुनाथ ठरले. शांत माणूस, पाण्याला न घाबरणारा. आबांची मुलगी सुमन त्यांना गावातच दिली होती. सगळं गाव काठावर जमलं. इंजिन आबांच्या नावेला अडकवलं आणि लक्षात आलं की पंखा पाण्याला पोचतच नाही. मागची फळी इतकी उंच, की पंखा वरच्यावर फिरणार.

इंजिनाबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती माझ्या हातात दिली गेली. माझ्याभोवती वीस-पंचवीस माणसं उभी होती. पुस्तिकेत एक चित्र होतं: मागची फळी मधोमध कापून खाली घेतलेली आणि त्या खाचेत बसवलेलं इंजिन. त्या पानावरचं इंग्रजी मला लागलं. किती कापायची तेही लिहिलं होतं. मी ते मोठ्याने मराठीत सांगितलं.

पुढच्या पानावर दुसरं चित्र होतं. आबांना अक्षर येत नव्हतं, पण चित्र त्यांना माझ्यापेक्षा चांगलं वाचता येई. त्यांनी अर्धं तुटलेलं बोट त्यावर ठेवलं. कापलेल्या फळीच्या आत, हातभर अंतरावर, आणखी एक उभी फळी काढलेली होती. मूळ फळीएवढीच उंच.

"हाई काय शे?" आबांनी विचारलं.

त्या पानावरचे शब्द मला समजले नव्हते. दोनदा वाचूनही समजले नव्हते. एवढ्या माणसांत तसं म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी म्हणालो, "ते समुद्रातल्या नावांसाठी आहे, आबा. आपल्याला लागत नाही."

"वाचं का तू?"

"वाचलं."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग कानामागची पेन्सिल काढून फळीवर रेघ मारली आणि करवत लावली. स्वतः उंच केलेली फळी त्यांनी स्वतः कापली. कापलेला तुकडा उचलून काखेत धरला.

नाव पाण्यात गेली. मागे इंजिन, शेजारी रघुनाथ. आबा सवयीप्रमाणे फळीच्या उरलेल्या कोपऱ्यावर बसले आणि सोगा सोडला. उतरले तेव्हा सोगा वीतभर ओला होता.

"भिजना," ते म्हणाले.

तेव्हा मी जे बोललो ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हणालो, "आबा, आता नाव धोतरावर नाही, पुस्तकावर चालणार."

लोक हसले. रघुनाथही हसले. आबाही थोडे हसले, सोगा पिळला आणि म्हणाले, "तू शिकेल शे, बी.ए. तुलेच मालूम."

महिना-दीड महिना सगळं छान चाललं. पलीकडच्या काठाला जायला लागणारा अर्धा दिवस वाचू लागला. खालच्या अंगाच्या दोन गावांनाही तशीच इंजिनं मिळाली, आणि त्यांच्या लोकांनी आमची नाव बघून आपल्या नावा कापून घेतल्या. पुस्तिका बघायला कुणी मागितली नाही. आमची नाव चालत होती, तेवढं त्यांना पुरेसं होतं.

होळीनंतरच्या एका दुपारी वावधन सुटलं. आमच्याकडे धूळ घेऊन येणाऱ्या जोरकस वाऱ्याला वावधन म्हणतात. पाणी काठावरून दिसेना. रघुनाथ आणि भिला नावाचा आणखी एक जण जाळी काढायला गेले होते. दिवस कलताना भिला एकटा काठाला लागला, रॉकेलचा रिकामा डबा छातीशी धरून.

"इंजिन बंद पडनं," तो म्हणाला. "आम्ही दोन्ही मांगे गऊत, दोरी वढाले. वारानी नाव फिरी गई, पाठ वाराकडे. खाचमाईन पानी उनं. पहिलं पायवर उनं. दुसरं मांडीवर. मंग नाव मांगूनच खाले गई. रघुनाथना पाय जाळीमा व्हता."

आबा समोर उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "खाचमाईनच उनं ना?"

"खाचमाईनच."

रघुनाथ दुसऱ्या दिवशी सापडले.

पोलीस आले. हवालदारांनी जबाब घ्यायला सोसायटीच्या ओट्यावर सतरंजी टाकली. त्यांचं अक्षर वाईट होतं, म्हणून ते मला म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात, लिहा." मी लिहायला बसलो. हवालदारांनी आबांना विचारलं, "मागची फळी कुणी कापली?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

माझा पेन थांबला. आबा माझ्याकडे बघत नव्हते. ते सतरंजीच्या कडेचा सुटलेला धागा बघत होते.

"कोन्ही नही. मनाच मनथीन कापी."

हवालदार म्हणाले, "लिहा."

आणि मी लिहिलं. 'सदर फळी मी माझ्या मनाने कापली, मला कोणीही सांगितले नव्हते.' माझ्या सुबक अक्षरात लिहिलं. आबांनी खाली सही केली, मी शिकवलेली, 'त्रा' वाकडा असलेली. पुढे बरेच दिवस चौकशी चालली, त्यांना तालुक्याला खेटे घालावे लागले. गावातल्या काही जणांनी तोंडावर म्हटलं की म्हाताऱ्याने जावई खाल्ला. मी ते ऐकत होतो. तोंड उघडायचं असतं तर उघडता आलं असतं. उघडलं नाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी आबा माझ्या दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, "ते दुसरं पान वाची आन. तुले येस नही ते ज्याले येस त्याले इचार."

मी अमळनेरला गेलो आणि आमच्या इंग्रजीच्या सरांकडून ते पान समजून घेतलं. सर सावकाश वाचत गेले. मागची फळी कापली की तिच्या आत तितक्याच उंचीची दुसरी, न गळणारी फळी बसवावी. मधल्या खणाला बाहेर पाणी जाण्यासाठी भोकं ठेवावीत. म्हणजे खाचेतून आलेलं पाणी त्या खणातच पडेल आणि बाहेर जाईल. ही फळी नसेल तर मागून आलेली लाट सरळ नावेत शिरेल. आणि एक ओळ ठळक अक्षरांत होती: आतली फळी बसवल्याशिवाय नाव वापरू नये.

मी परत येऊन आबांना सगळं सांगितलं. ते रंधा बाजूला ठेवून ऐकत होते.

"समुद्रनं नाव शे का त्यामा?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कोठेच नही?"

"नाही, आबा."

त्यांनी मान हलवली. ते उठले आणि वाळत ठेवलेल्या फळ्यांतून एक निवडायला लागले. त्या दिवसापासून त्यांनी मला पुन्हा कधी 'बी.ए.' म्हटलं नाही. माझ्या नावाने हाक मारायला लागले, अगदी पूर्वीसारखी.

खालच्या दोन्ही गावांत ते फळ्या सायकलला बांधून गेले. मी मागे दुसरी सायकल घेऊन जात असे. त्यांनी बोलावलं नव्हतं, पण परतही पाठवलं नाही. पहिल्याच गावात काठावर बसलेला एक जण म्हणाला, "काय मिस्तरी, आते फळी लावाले उनात का? जावई बुडना तवय कोठे व्हतात?"

"तवय कापाले व्हतू," आबा म्हणाले आणि नावेच्या मागे जाऊन वीत लावली.

रघुनाथांच्या नावेतून कापलेला तो तुकडा ते पिशवीत घेऊन फिरत. आतली फळी बसवली की तो तुकडा खाचेत ठेवून बघत, फळी त्याच्या वरच्या कडेपर्यंत येते ना. सगळ्या नावा होईपर्यंत पाऊस तोंडाशी आला. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली एक नाव तशाच वावधनात सापडली. मधला खण तीनदा भरला, तीनदा रिकामा झाला आणि नाव काठाला आली. ती माणसं मुद्दाम सांगायला आली होती. आबा म्हणाले, "बरं व्हयनं." मग दिवसभर त्यांनी हत्याराला हात लावला नाही. उलट्या घातलेल्या एका नावेला टेकून बसून राहिले.

मला धुळ्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली. निघताना आबांच्या पाया पडलो, तेव्हा ते म्हणाले, "लोके कागद लई येतीन तुनाकडे. समजनं नही ते समजनं नही म्हन. त्यानी काही मानूस मरस नही." एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी त्या विषयावर कधीही बोलले नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आबा दम्याने गेले. निरोप मला उशिरा मिळाला. मी दहाव्याला पोचलो. पाहुणे पांगल्यावर सुमनताई ओट्यावर एकटीच तांदूळ निवडत बसली होती. रघुनाथ गेल्यापासून ती वडिलांकडेच राहत होती. मी समोर बसलो आणि इतकी वर्षं न सांगितलेलं सांगायला सुरुवात केली. दुसरं पान, समुद्र, जबाब.

तिने मध्येच म्हटलं, "माले माहीत शे, भाऊ."

ती तांदूळ निवडतच राहिली.

"बा नी माले तेच दिन सांगं. मी म्हटलं, मंग हवालदारले काब्र नही सांगं? बा म्हने, गावमा वाचनारा एकच शे. आज त्याले पाडं ते उद्या कोन्ही कागद हातमा ली नही. बठ्ठा आंधया होई जातीन." तिने सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "बा नी तुले माफ करं. मी नही करेल."

"हो," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता मी निघावं असा याचा अर्थ. पण ती एक घडी घातलेला कागद घेऊन आली. तहसील कचेरीतून आलेला, तीन पानी, सरकारी भाषेतला.

"हाई वाची दे," ती म्हणाली. "शेवटलोंग."

मी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागलो. ती सूप बाजूला ठेवून ऐकत होती. तिसऱ्या पानाच्या तळाशी दोन ओळी मला समजल्या नाहीत. मी तिथे बोट ठेवलं आणि तिला तसं सांगितलं.