पंगत उठेपर्यंत

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. चाकण चौकात कोणी कट मारला की मी हेल्मेट काढून खाली उतरलोच. एकदा एका कॅबवाल्याचा आरसा बुक्कीनंच फोडला आणि टाके मलाच पडले. असल्या माणसाला निघोजे गावातल्या मंडळानं सभासद कशाला करून घेतलं, देव जाणे!

मंडळ म्हणजे आमच्या जिल्ह्यातून इकडे कंपन्यांत पोट भरायला आलेली पोरं. महिन्याला एक पंगत. नियम एकच, पण कडक. दोघांत वाकडं आलं तर ज्याच्या हातून घडलं त्यानं पंगतीत वाढायचं, ज्याला लागलं त्याच्या ताटापासून. पंगत उठेपर्यंत कोणी हात उचलायचा नाही. मला हा निव्वळ बुळेपणा वाटायचा.

मग माझ्या धाकट्या भावाची बोटं कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली. त्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायला नको. पण माल लवकर निघावा म्हणून त्याच्या जोडीदारानं एक बटण तारेनं दाबलेलंच बांधून टाकलं होतं. असं सगळेच करतात. भाऊ अडकलेला पत्रा काढत होता आणि ह्यानं दुसरं बटण दाबलं. उजव्या हाताची चारही बोटं गेली. हा जोडीदार आमच्याच मंडळातला.

मी पाना घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. दार लाथेनं तोडलं, गचांडी धरून त्याला जिन्यावरून खाली ओढलं आणि डोकं पायरीवर आपटलं. रक्त बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुन्हा आपटणार तोच मंडळाच्या पोरांनी मला उचललं. आमचे म्हातारे अध्यक्ष, तात्या, एवढंच म्हणाले, "पंगत उठेपर्यंत थांब. मग मार. कोणी मधे पडणार नाही."

थांबलो. पण रोज मनातल्या मनात त्याचा हात प्रेसखाली घालत होतो.

पंगतीला भाऊ माझ्या शेजारी बसला, बँडेजचा हात मांडीवर ठेवून. मी पाना कमरेला खोचूनच आलो होतो. तो जोडीदार आला, कपाळाला टाके, हातात भाकऱ्यांचं टोपलं. भावाच्या ताटात पहिली भाकरी वाढून तिथंच उभा राहिला. भावानं डाव्या हातानं भाकरी मोडायला घेतली. जाड भाकरी, ताटभर सरकत राहिली. त्यानं वरून कोपर दाबून बघितलं, तरी मोडेना. कोणी घास घेत नव्हतं. शेवटी मान वर न करता भाऊ त्यालाच म्हणाला, "भावा, मोडून दे ना."

तो खाली बसला आणि रडत रडत भाकरीचे बारीक तुकडे करत राहिला.

भावाला लागून मी बसलो होतो, दोन धडधाकट हात घेऊन. एक पान्यावर होता, दुसऱ्याची मूठ वळलेली. माझ्याकडे मागावं असं भावाला वाटलंच नाही.