झेडची डमी

मी मूळची वडूजची, राहते साताऱ्यात, ऑफिस शिरवळला आणि आठवड्यातले निम्मे दिवस कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये. लोखंड कापणारं कॉम्प्युटरवरचं सीएनसी मशीन बंद पडलं की मला बोलावणं येतं. दारात पोचल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब मागनं येताहेत का?" पहिली दोन वर्षं मी हसून सांगायचे, साहेब मीच. मग हसणं सोडून दिलं. राग तसाही माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. घरचे म्हणतात, हा खटावच्या पाण्याचा गुण. आमच्याकडं पाणी तरी कुठं आहे, हा प्रश्न वेगळा.

कुंडलजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मात्र तो प्रश्न कधी आला नाही. तिथले ऑपरेटर फौजेतून निवृत्त झालेले, पन्नाशीचे. घरी बागायती ऊस, तरी रोज आठच्या ठोक्याला मशीनवर हजर. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला ताई. त्यांच्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. "उसाला पाणी पाजायला गडी हाय," ते म्हणायचे, "ह्याला माझ्याबिगर कोण हाय?" बायको मशीनला सवत म्हणते, हेही तेच सांगायचे आणि खूश व्हायचे.

त्या दिवशी मशीन सकाळपासून उभं होतं. मशीनला तीन दिशांच्या तीन हालचाली असतात: एक्स आणि वाय आडव्या, झेड उभी. झेडवर कापणाऱ्या हत्याराचं जड डोकं वर-खाली होतं. तिन्हींना आपापली मोटर आणि त्या मोटरला चालवणारा आपापला ड्राइव्ह. एक ड्राइव्ह रुसला की सगळं मशीन बसकण मारतं, आणि या जुन्या मशीनच्या स्क्रीनवर अलार्म म्हणून तिन्हींची नावं एकदम लाल होतात. चोर कोण, ते आपण शोधायचं.

शोधायला माझ्याकडं जंपर प्लग असतो. अंगठ्याएवढा, आत दोन पिना एका तारेनं जोडलेल्या. ड्राइव्हची केबल काढून तिथं हा खोचला, की कंट्रोलला, म्हणजे मशीनच्या मेंदूला, वाटतं ड्राइव्ह ठणठणीत आहे. प्लग लावल्यावर अलार्म गेला तर चोर तोच. आमच्यात सगळे त्याला डमी म्हणतात. काका म्हणायचे, "कारखान्याच्या इलेक्शनला उभा करत्यात तसला डमी का? मग जपून, ताई. आमच्याकडं एक डमी अर्ज मागं घ्यायचा इसरला आन् निवडून आला."

मेन स्विच बंद केला, एक्सला डमी लावली, स्विच चालू. अलार्म तसाच. पुन्हा बंद, डमी वायला, चालू. तसाच. मालक दर दहा मिनिटांनी केबिनमधून येऊन घड्याळ बघून जात होते. काका डोक्याखालच्या टेबलावर अडकलेला लोखंडाचा कीस ब्रशनं झाडत होते. मी डमी झेडला लावली तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, डोक्याखाली ठोकळा लावू का?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. झेडची मोटर बंद असते तेव्हा डोकं फक्त ब्रेकवर लटकलेलं असतं. डमीनं कंट्रोलला फसवलं की कंट्रोल म्हणतं, चला, सगळं तयार, आणि ब्रेक सोडून देतं. धरायला मोटर असत नाही. म्हणून आधी लाकडी ठोकळा द्यायचा, मगच झेडला डमी. हे मी नवीन पोरांना शिकवते. पण त्या क्षणी मला एवढंच ऐकू आलं, की आणखी एक पुरुष मला माझं काम सांगतोय.

"काका, मला शिकवू नका," मी म्हणाले आणि स्विच चालू केला.

स्क्रीन साफ झाली. तिन्ही नावं गेली. चोर सापडला याचा आनंद मला झाला, तो नीट एक सेकंदसुद्धा टिकला नाही. धाडकन आवाज आला. डोकं खाली आलं होतं, कटरचे दोन तुकडे झाले होते आणि ब्रश खाली चेपला होता. काकांचा हात बाहेर होता. तो त्यांनी कधी काढला ते त्यांनाही कळलं नाही. नुसते बोटं उघडमीट करून बघत होते.

मालक पळत आले. "कुणी केलं ह्ये?"

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. खोटं कशाला बोलू, डोक्यात काकांचा हात नव्हता. डोक्यात एवढंच होतं, की आता हे म्हणणार, बाई पाठवली होती ना, मग हेच होणार.

"ठोकळा लावायचा ऱ्हायला माझ्याकडनं," काका म्हणाले.

मालकांनी त्यांच्याकडं बघितलं. "वय झालं आता तुमचं, काका. उद्यापासनं ड्रिलवर बसा. ह्यावर दुसरा माणूस बघतो."

मी खाली मान घालून डमी काढली. झेडचा ड्राइव्ह खोलून पिशवीत घातला, रिपोर्ट लिहिला, मालकांची सही घेतली. रिपोर्टात कारणाचा एक रकाना असतो. त्यात लिहिलं, झेड ड्राइव्ह निकामी. एक अक्षर खोटं नव्हतं. काका कोपऱ्यात तुटलेला कटर पुसत बसले होते. मी "येते" एवढंच म्हणाले आणि गाडीला किक मारली.

पुढचे दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मनाशी मी सतरा कारणं जुळवली. ते स्वतःच बोलले, मी थोडंच बोला म्हटलं होतं? त्यांना काय कमी आहे, घरी ऊस आहे. प्रत्येक कारण जुळलं की माझीच मला किळस यायची.

तिसऱ्या दिवशी दुरुस्त ड्राइव्ह घेऊन गेले आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी मालकांच्या केबिनमध्ये शिरले. सगळं सांगितलं. काकांनी विचारलं होतं, मी उडवून लावलं, चूक माझी. मालकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मग त्यांनी तसं का सांगितलं?" आणि उठून त्यांनी दारातूनच हाक मारली, "काका, मशीनवर या!"

काका शेडच्या टोकाला ड्रिलवर होते. त्यांनी चालू असलेलं भोक पुरं केलं, मशीन बंद केलं, हात पुसले. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हणाले, "काका, चुकलं माझं. पण तुम्ही का घेतलंत अंगावर?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुमाला जरा दम खायला मिळावा म्हणून बोललो हुतो, ताई. पुढचं तुमी बोलशीला वाटलं हुतं. तुमची गाडी चालू हुईस्तवर वाट बघितली म्या."