भावाच्या ओट्याकडे वळलेला कॅमेरा

निवृत्त होऊन आचोळ्यात राहायला आल्यापासून सोसायट्यांचे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात, "साहेब, फिरता कॅमेरा घ्यावा की साधा?" पोलिसात होतो म्हणजे मला सगळं कळतं, असा त्यांचा समज. अशा वेळी मला सांडोर गावच्या दोन भावांचं प्रकरण आठवतं आणि तोंड कडू होतं, कारण त्यात मीही शहाण्यासारखा वागलो नव्हतो. नावं सांगत नाही. दोघंही अजून तिथेच राहतात.

मोठा भाऊ सकाळी हजेरी चालू असतानाच ठाण्यात आला. त्याचं माणिकपूरला हार्डवेअरचं दुकान आणि सांडोरला वडिलांच्या केळीच्या वाडीतला अर्धा हिस्सा. उरलेला अर्धा धाकट्याचा, त्यातच त्याचं घर; मध्ये फक्त तारेचं कुंपण. मोठ्याच्या हिश्श्यातून पंधरा दिवसांत चार वेळा राजेळीचे घड चोरीला गेले होते. राजेळी म्हणजे वाळवून सुकेळी करतात ते मोठं केळं.

"चोर कोण ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "माझा सख्खा भाऊ."

त्याने मोबाइल काढला. वाडीत त्याने महागातला फिरता कॅमेरा बसवला होता. नोंदवलेल्या दोन तुकड्यांत धाकटा कोयता घेऊन कुंपणापाशी चालताना दिसत होता. खरं सांगायचं तर मी भावापेक्षा कॅमेराच जास्त बघत होतो. तो थेट चित्रावर बोट सरकवायचा आणि तिकडे सांडोरला कॅमेरा मान वळवायचा, अगदी केळीच्या पानावरची शीर दिसेल इतका जवळ जायचा. माझ्याच बॅचच्या, शेजारच्या ठाण्यातल्या अधिकाऱ्याला नुकतेच असे कॅमेरे मिळाले होते. त्याचा सत्कार झाला. मी गेलो, टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन विनाकारण बायकोवर चिडलो. आमच्या चौकासाठी तसेच कॅमेरे मागणारा प्रस्ताव माझ्या टेबलावर लिहून तयार होता.

त्या जळफळाटात मला वाटलं, एवढं भारी यंत्र ज्याच्याकडे आहे तो चुकीचं कशाला सांगेल? मी गुन्हा नोंदवून घेतला आणि घटनास्थळ न बघताच धाकट्याला बोलावलं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्याला ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसवून ठेवलं. भाडेकरूंची नोंद करायला गावचे चारजण येऊन गेले. चौघांनीही त्याला पाहिलं.

"माझ्याच वाडीत मी कोयता घेऊन फिरणार नाय तर काय वही घेऊन फिरू?" तो चिडून म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "साहेब, उद्यापासून मला गावात चोर म्हणतील. आई माझ्याकडे असते. तिला कोण काय सांगेल, त्याचीच भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी माणिकपूरच्या एका फळवालीने आमच्या बीट अंमलदाराला खबर दिली, की तिच्याकडे विकायला येणारे राजेळीचे घड चोरीचे वाटतात. मी स्वतः तिच्याकडे गेलो. तिने एक घड उचलून माझ्यासमोर धरला.

"ह्याचा दांडा बघा. वाडीवाला घड उतरवतो तेव्हा दांडा लांब ठेवतो, घरात टांगायला लागतो ना. हा वीतभर पण नाय. मालकाने कापलेला नाय हा, घाईत कापलाय कोणीतरी."

घड आणून देणारा होता वाड्यांमधली भाजी उचलून बाजारात पोचवणारा टेम्पोवाला. रोजचा माणूस, म्हणून त्याच्यावर कुणाची नजरच नव्हती. मी त्याला ठाण्यात आणलं, चहा दिला, टेबलावर तो घड ठेवला आणि गप्प बसलो. माणूस खोटं बोलायची तयारी करून आलेला असतो. समोरचा काहीच विचारत नाही म्हटल्यावर त्याची पंचाईत होते. चहा संपायच्या आत तो बोलायला लागला.

"कधी कापायचास?"

"दुपारी एकला. टेम्पो लावून पानी प्यायला उतरायचो."

"दिवसाढवळ्या? वर कॅमेरा असताना?"

तो चक्क हसला. "साहेब, एक वाजला का तो कॅमेरा मान वळवतो. धाकट्या शेठच्या ओट्याकडं. मग अर्धा तास तिकडंच. रोज. पयल्यांदा घाबरलो, मग घड्याळ बघूनच यायला लागलो."

मी पंचनामा करून कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड ताब्यात घेतलं. मोठ्याने आम्हाला निवडून दोन तुकडे दाखवले होते. मी सगळं बघितलं. रोज दुपारी एकच दृश्य होतं : धाकट्याचा ओटा, त्यावर बसलेली म्हातारी आई, सून ताट आणून ठेवते आहे, धाकटा मासळीचे काटे काढून आईला देतो आहे. चित्र इतकं जवळ आणलेलं की ताटातली मिठाची चिमूट दिसावी.

मोठ्याला बोलावून मी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं. दुपारचं ते चित्रण त्याच्यासमोर लावलं.

"दुकानात डबा उघडला की तेवढंच बघतो," तो म्हणाला. "वाटणी झाली तेव्हा आई म्हणाली, मी धाकट्याकडे राहीन. मला एकदा विचारलं पण नाय. माझ्या घरात काय कमी होतं, साहेब? तो तिला भरवतो ते बघून माझ्या अंगाची आग होते, आणि बघितल्याशिवाय घास उतरत नाय."

"पण भावाने घड नेले, हे कशावरून?"

"ज्याने आई नेली, तो घड पण नेईल असं वाटलं."

त्याच दिवशी मी धाकट्याला पुन्हा ठाण्यात बोलावलं. लोकांची गर्दी होती. त्या सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, चोर सापडल्याचं मोठ्या आवाजात सांगितलं आणि बीट अंमलदाराला गावातही तेच सांगायला पाठवलं. कपाळावर बसलेला डाग तेवढ्याने पूर्ण गेला असेल, असं मी म्हणणार नाही.

चौकाचा प्रस्तावही मी फाडून साध्या कॅमेऱ्यांसाठी नव्याने लिहिला. पडद्यासमोर दिवसभर बसायला माझ्याकडे माणूस नव्हता. मोठं मैदान असेल आणि पाहणारा माणूस असेल, तर फिरता कॅमेरा कामाचा. राखायचं एकच फाटक किंवा एकच दार असेल, तर तिथून न हलणारा कॅमेरा घ्यावा. फिरत्याला कुठे बघायचं ते आपलं मन सांगतं, आणि ते कुठे गुंतलेलं असतं याची कधीकधी आपल्यालाच लाज वाटते. बॅचमेटचा फोटो पुढे वर्तमानपत्रात आला तेव्हा मात्र मला पुन्हा तितकंच झोंबलं.

काही महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाने मेमरी कार्ड परत करायला मी सांडोरला गेलो. मोठ्याने आता केळींवर दोन साधे, एकाच जागी रोखलेले कॅमेरे लावले होते. तो घरी नव्हता. सापडला धाकट्याच्या ओट्यावर, जेवताना. आई शेजारी बसून त्याला आग्रह करत होती, "किती रोडावला हायस! घे अजून." तो ताट पुढे करत होता.

धाकटा मला सोडायला फाटकापर्यंत आला. मी म्हणालो, "चला, बरं झालं. भाऊ आला."

"हो, मीच बोलावलं त्याला," तो म्हणाला. मग ओट्याकडे बघत राहिला. "आई मला रोज विचारायची, जेवलास का म्हणून. तो यायला लागल्यापासून विचारत नाय."